एक धरण, दोन पक्षी

आमच्या कॉलेजात 'ट्रिप' या शब्दाचे तीन अर्थ आहेत. पहिला अर्थ गोवा. दुसरा अर्थ, गोवा कॅन्सल झाल्यावर जिथे जातात ते; म्हणजे पावसाळ्यात लोणावळा आणि उरलेल्या वर्षात सिंहगडावरची कांदाभजी. तिसरा अर्थ फक्त इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये लागतो, आणि तो लागला की सगळा मजला अंधारात जातो!

त्यामुळे गेल्या वर्षी फेब्रुवारीत मास्तर मेसमध्ये येऊन म्हणाला, "भिगवण-नान्नज करायचं का? शनिवारी पहाटे निघू, रविवारी रात्री परत," तेव्हा कोणाच्याच चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"काय आहे तिथे?"

"पक्षी."

"आणि?"

"आणि अजून पक्षी."

शेवटी गवंडीने मुद्द्याचा प्रश्न विचारला, "जेवायला काय मिळतं?"

"भिगवणला चिलापी फ्राय. सोलापूरला शेंगाचटणी."

ट्रिप ठरली.

आता मंडळींची ओळख करून देतो. मास्तर हा ईअँडटीसीचा. गळ्यात दुर्बीण आणि सॅकमध्ये सलीम अलींचं पुस्तक. हे पुस्तक पहिल्यांदा १९४१ साली निघालं आणि मास्तरची प्रतही त्याच साली विकत घेतलेली असावी, अशी तिची अवस्था आहे. गवंडी अर्थातच सिव्हिलचा. तायडी कॉम्प्युटरची, अर्ध्या वर्गाला असाइनमेंट पुरवते आणि पुरवताना रागावते, म्हणून तायडी. वायरमन इलेक्ट्रिकलचा, मराठवाड्यातल्या एका लहानशा वाडीतून आलेला. त्याचे वडील खरोखरच वायरमन आहेत. आम्ही ते नाव त्याला चिडवायला ठेवलं होतं, पण तो चिडलाच नाही, उलट खूश झाला. आणि मी मेकॅनिकलचा, म्हणून फिटर. पाच ब्रँचची पाच टाळकी आणि गवंडीच्या मामाची एक जुनी जीप. जीपला हीटर नव्हता, एसी नव्हता, पण फटी भरपूर होत्या. त्यामुळे पहाटे साडेतीनला हडपसर सोडल्यापासून पाटसला चहा घेईपर्यंत आम्ही पाचही जण एकाच चादरीत होतो.

त्यात मास्तरने गाडीत नियम लावले. पांढरे, लाल, भडक कपडे नकोत. पक्ष्यांच्या अंगावर धावून जायचं नाही. घरट्याजवळ जायचं नाही. आणि गाणी बंद!

"अरे मग ही ट्रिप आहे का ओरल्स?" गवंडी कळवळला.

लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ... पुणे-सोलापूर रस्त्यावरची ही नावं एसटीत झोपेतच ऐकलेली असतात. पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण येतं. तिथून आत वळून कुंभारगावला पोचलो तेव्हा पूर्वेला नुकतं कुठे फटफटत होतं. समोर पाणी असावं, पण धुक्यामुळे दिसत काहीच नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. शेकडो जण एकाच वेळी हळू आवाजात गप्पा मारताहेत, असा काहीतरी गलका. लेक्चर सुरू व्हायच्या आधी वर्गातून येतो ना, तसा.

नावाडी नाना आमचीच वाट बघत होते. मूळचे मासेमारी करणारे. हिवाळ्यात पाहुण्यांना पक्षी दाखवायला नेतात. त्यांनी बांबूने होडी ढकलली, शंभरेक मीटर आत नेली आणि हळूच म्हणाले, "आता गप बसा. सूर्य वर येऊ द्या."

सूर्य वर आला. धुकं पातळ झालं. आणि समोर उथळ पाण्यात, लांबवर, गुलाबी रंगाची एक रेघ उमटली. रेघ हलत होती. फ्लेमिंगो! आपल्याकडे रोहित म्हणतात, अग्निपंख म्हणतात. उभा असताना पक्षी पांढराच वाटतो, थोडी गुलाबी झाक, बस्स. पण त्या थव्यातले चाळीस-पन्नास उडाले आणि पंख उघडल्यावर आतला लालभडक रंग दिसला, तेव्हा 'अग्निपंख' हे नाव कोणी का ठेवलं असेल ते वेगळं सांगायची गरज उरली नाही. मोबाइल काढायचंही कोणाला सुचलं नाही.

मग मास्तर सुरू झाला. फ्लेमिंगो मान खाली घालून चोच उलटी करून खातो. जीभ पिस्टनसारखी मागेपुढे होते, सेकंदाला कित्येक वेळा. पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या बारीक कंगव्यातून गाळायचं, शेवाळ आणि बारीक जीव ठेवायचे, पाणी बाहेर. त्या खाण्यातल्याच द्रव्यांमुळे पिसांना गुलाबी रंग येतो. मी आमच्या लॅबमधला रेसिप्रोकेटिंग पंप आठवला. तो दोन वर्षं गळतोय. इथे हजारभर पंप विनातक्रार चालू होते, तेही विनाग्रीस.

पुढे पट्टकदंब दिसले. राखाडी रंगाचे हंस, डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे. दिसायला अगदी साधे, गावातल्या बदकांसारखे काठावरचं गवत खात होते. पण हे मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर उडताना त्यांची नोंद झालेली आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच विरळ हवेतून जास्त प्राणवायू पकडणारं असतं. "म्हणजे टर्बोचार्जर," मी म्हणालो. मास्तरला उपमा पटली. ट्रिपभरात त्याला पटलेली माझी ही एकच गोष्ट.

मग तर यादीच सुरू झाली. चमच्यासारख्या चोचीचा चमचा. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. पाण्यावर झाडू मारल्यासारखी चोच फिरवणारं थापट्या बदक. शेपटीवर गुलाबी पिसांचा झुबका असलेले चित्रबलाक. काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा लावलेला आणि थव्याने चाललेला वारकरी! ही मराठी नावं ऐकताना मजा येत होती. इंग्रजी नावाने पक्षी फक्त ओळखता येतो, मराठी नावाने तो डोळ्यांसमोर उभा राहतो. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचेच. त्यांनी 'पक्षीकोश' केला, आयुष्यभर अशा नावांचा शोध घेतला. जून २०२५ मध्ये सोलापुरातच ते गेले. आम्ही ज्या रस्त्याने निघालो होतो, तो त्यांच्याच गावाकडे जात होता.

ऊन चढल्यावर वास येऊ लागला. पाणी हिरवंगार, काठाला जलपर्णी. तायडीने नाक दाबून विचारलं, "नाना, पाणी असं का झालंय हो?"

नाना शांतपणे म्हणाले, "तुमच्याच पुन्यातनं येतंय की, ताई."

बरोबरच होतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. आमच्या हॉस्टेलची मोरी शेवटी इथेच येते. पूर्वी काय होतं, काय नाही, हे सांगायला नानांना कोणी लावलं नाही, ते आपणहून सांगत होते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमेच्या काठची गावंच्या गावं उठली. नानांच्या वडिलांची काळी जमीन, विहीर, घर, सगळं आम्ही जिथे होडीत बसलो होतो त्याच्या आसपास कुठेतरी खाली होतं. पुढे पळसदेवचं जुनं दगडी देऊळही पाण्यात आहे. पाऊस कमी झाला की उन्हाळ्यात ते वर येतं आणि लोक दर्शनाला जातात.

"मग राग नाही येत धरणाचा?" वायरमनने विचारलं.

नाना जरा थांबले. "माझ्या बापाला यायचा. मरेपर्यंत यायचा. मला पानी हाय तर मासा हाय. मासा हाय तर पाखरू हाय. पाखरू हाय म्हून तुमी हाय." मग हसून म्हणाले, "आता राग धरून करू काय?"

गवंडी इतका वेळ गप्प होता. त्याला आकडे पाठ होते: साठवण सुमारे ११७ टीएमसी, राज्यातल्या मोठ्या धरणांपैकी एक. पण तो म्हणाला, "आमच्या पुस्तकात बॅकवॉटर म्हणजे एक कर्व्ह असतो रे. एक्स ॲक्सिसवर अंतर, वाय ॲक्सिसवर खोली. त्यात नानांची विहीर कुठेच नसते." एवढं म्हणून त्याने थापट्या बदकाचा फोटो काढला. फोटोत फक्त पाणी आलं.

काठावर आल्यावर चिलापीवर ताव मारला. हा मासाही मूळचा आफ्रिकेतला, आणि आता उजनीत त्याचंच राज्य आहे. सकाळपासून बघितलेल्या गोष्टींपैकी मूळची इथलीच म्हणावी अशी कोणती, याचा हिशोब करायचा प्रयत्न केला. धरण माणसाने बांधलेलं, पाण्यातलं खत शहराचं, मासा परदेशी, हंस तिबेटी. आणि तरी ती सकाळ आम्ही पाहिलेल्या सकाळींमधली सगळ्यांत सुंदर होती.

दुपारी पुढे निघालो. इंदापूर, मग भीमानगरला धरणाची भिंत, मग टेंभुर्णी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यावर उसाचा डोंगर, आणि त्यांच्या मागे ताशी वीसच्या वेगाने आम्ही. आमच्या लहानपणच्या भूगोलात सोलापूर म्हणजे अवर्षणप्रवण जिल्हा, ज्वारी आणि चादरी. आता राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत. ही किमया अर्थातच मागे राहिलेल्या त्या भिंतीची, तिच्या कालव्यांची. गवंडीची छाती नकळत थोडी फुगली.

रात्री सोलापुरात गवंडीच्या मावशीकडे मुक्काम. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मावशींनी सगळं प्रेमाने वाढलं आणि मग विचारलं, "नेमके कशाला आलात रे?"

"पक्षी बघायला, मावशी."

"एवढं डिझेल जाळून? आधी सांगायचं की! आमच्या गच्चीवर पारवे आहेत, हवे तेवढे दाखवले असते. दोन घेऊनही जा."

रविवारी पुन्हा पहाटे उठाउठ. नान्नज हे सोलापूरहून बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटर. तिथे माळढोक अभयारण्य आहे. परवानगीची कामं मास्तरने आधीच उरकली होती. पण अभयारण्याच्या फाट्यावरच जीपचं मागचं चाक बसलं. मी जॅक लावला, गवंडीने टॉर्च धरला, बाकीचे सल्ले देत उभे राहिले. स्टेपनी चढवेपर्यंत उजाडलं, आणि एकदम मास्तरने माझा खांदा असा दाबला की पाना हातातून पडला.

"हलू नकोस. धाविक!"

रस्त्यापलीकडच्या उघड्या मातीत, मातीच्याच रंगाचा एक पक्षी. डोळ्यावरून एक पांढरी आणि एक काळी रेघ, लांब पांढुरके पाय. आठ-दहा पावलं सुर्रकन पळायचा, थांबायचा, ताठ उभा राहायचा, पुन्हा पळायचा. थांबला की दिसेनासा व्हायचा. पंक्चर झालं नसतं तर आम्ही साठच्या वेगाने त्याच्या शेजारून गेलो असतो, आणि 'इथे काहीच नाही' म्हणालो असतो.

खरं म्हणजे गवंडी ते म्हणालाच. वनरक्षक काका आम्हाला पायी आत घेऊन गेले, तेव्हा समोरचा माळ बघून त्याच्या तोंडून निघून गेलं, "काय फ्लॅट साइट आहे रे! रिकामीच."

काका हसले नाहीत. म्हणाले, "सरकारी कागदावरही पुष्कळ ठिकाणी माळाला पडीकच म्हणतात, साहेब. जरा अर्धा तास बसा."

बसलो. गुडघाभर वाळलेलं सोनेरी गवत, मध्येच एखादी बोर नाहीतर बाभूळ. दहा मिनिटांत डोळे सरावले. गवताच्या वर काळवीट नराची पिळदार शिंगं दिसली. मग खालचा काळा-पांढरा नर, आणि त्याच्या मागे फिक्या तपकिरी माद्या, मोजल्या तर सतरा. आमचा वास लागताच त्यातल्या दोन-तीन उगाचच हवेत उंच उड्या मारत गेल्या, स्प्रिंग लावल्यासारख्या. गवतावरून अगदी खालून, जणू काही हरवलेलं शोधत असावा तसा एक फिकट राखाडी भोवत्या तरंगत गेला. हा शिकारी पक्षी मध्य आशियातून येतो, आणि इथे येऊन रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतो. म्हणजे गवत गेलं की त्याची झोपायची खोलीच गेली. मग "कटरो-कटरो" असं काहीतरी ओरडत पखुर्ड्यांचा थवा पाण्याकडे गेला. पखुर्डीचा नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि त्या ओल्या पिसांतून पिलांसाठी पाणी घेऊन जातो. पायवाटेवर काकांनी लांडग्याचे ठसे दाखवले, रात्रीचेच. इतकं सगळं त्या रिकाम्या जागेत होतं.

फक्त ज्याच्या नावाचं अभयारण्य, तो नव्हता.

माळढोकाबद्दल मास्तर आदल्या दिवसापासून बोलत होता. मीटरभर उंच, मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. सलीम अलींची इच्छा होती की भारताचा राष्ट्रीय पक्षी माळढोक व्हावा; १९६३ साली तो मान मोराला मिळाला. एकेकाळी पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतच्या माळांवर असलेला हा पक्षी आता सगळा मिळून दीडशेच्या आसपास उरलाय, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे.

"काका, तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?" तायडीने विचारलं.

काकांनी सरळ उत्तर दिलं नाही. "नोकरीला लागलो तेव्हा या समोरच्या तुकड्यात एका सकाळी सात मोजलेत मी. पावसाळ्याच्या सुरुवातीला नर गळ्याची पिशवी फुगवून नाचायचा. आवाज असा घुमायचा, लांबवर. आमच्या घरी पोरं त्याची नक्कल करायची." मग जरा वेळाने, "आता लोक येतात, विचारतात. मी काळवीट दाखवतो."

हे अभयारण्य १९७९ साली झालं. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मिळून कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेतं आली, गावं आली, बाजारपेठा आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, लोक वैतागले, आणि बिचारा माळढोक उगाचच गावकऱ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. पुढे २०१२ मध्ये क्षेत्र कमी करून साधारण १,२२२ चौरस किलोमीटर ठेवलं. पण तोवर बाहेरचा माळच बदलला होता. माळढोकाला गवत लागायचं, आणि गवताशेजारची ज्वारी, भुईमूग, हरभरा ही कोरडवाहू शेती चालायची. तिथे किडे मिळायचे. पाणी आलं. कालव्याचं आलं, विहिरीचं आलं, बोअरचं आलं. ज्वारीच्या जागी ऊस आला, द्राक्ष आलं. नान्नजची द्राक्षं तर नावाजलेली आहेत. उंच उसात माळढोक राहू शकत नाही, आणि द्राक्षबागेच्या तारा-मांडवात तर नाहीच नाही. जे गवत उरलं त्यातही कुठे 'ओसाड जागा हिरवी करू' म्हणून झाडं लावली गेली. झाडं लावणं वाईट असूच शकत नाही, असं आपल्याला पहिलीपासून शिकवतात. माळावर ते वाईट असू शकतं, हे मला काकांकडून कळलं.

मी गवंडीकडे बघितलं. त्याच्याही डोक्यात तेच चाललं असणार. काल ज्या धरणाने आम्हाला अग्निपंख दाखवले, त्याच धरणाच्या पाण्याने आज माळढोक पुसायला हातभार लावला होता. नाही, धरणाला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून चालणार नाही. शिकारही झाली होती, रस्ते झाले, वस्ती वाढली. आणि ज्या शेतकऱ्याच्या बापाने दुष्काळात जनावरं विकली, त्याने पाणी आल्यावर ऊस लावू नये असं हॉस्टेलच्या गरम पाण्याने आंघोळ करणाऱ्या आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? पण हिशोब मांडताना दोन्ही रकाने लिहायला हवेत, एवढं तरी खरं. आमच्या पुस्तकात एकच रकाना असतो.

परतीच्या रस्त्यावर इंदापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीमागे शेत होतं आणि शेतावरून मोठ्या लाइनचे मनोरे गेले होते. पाय मोकळे करायला वायरमन तिकडे गेला. बराच वेळ आला नाही म्हणून आम्ही मागोमाग गेलो. तो खाली बसला होता. समोर एक मेलेला चित्रबलाक होता, दोन-तीन दिवसांपूर्वीचा. मान मोडलेली. शेपटीजवळची गुलाबी पिसं तशीच होती, अगदी काल पाण्यावर दिसली तशी.

शेतकरी बांधावरून म्हणाला, "धुक्यात आपटत्यात कधीमधी. तार दिसत न्हाय त्यांस्नी."

वायरमनने वर बघितलं आणि आम्हाला समजावलं. जाड तारा असतात त्या कंडक्टर. त्या पक्ष्याला जवळ आल्यावर दिसतात, तो घाईने वर उठतो. पण मनोऱ्याच्या टोकावरून आणखी एक बारीक तार गेलेली असते, वीज पडली तर ती जमिनीत जावी म्हणून. अर्थ वायर. ती दिसत नाही. पक्षी तिच्यावर आदळतो.

मास्तरने उरलेलं सांगितलं. माळढोकाची नजर बाजूंना जास्त असते, अगदी समोरचं कमी दिसतं. त्यात अंग जड, झटकन वळता येत नाही. थरच्या वाळवंटात माळढोकांच्या मरण्याचं मोठं कारण हेच आहे. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्या भागातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या. पण तिथेच सौर ऊर्जेचे मोठमोठे प्रकल्प आहेत. एवढ्या सगळ्या उच्च दाबाच्या लाइन जमिनीखालून नेणं शक्य नाही, असं सरकारने सांगितलं, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने आधीचा आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे दिला.

जीपमध्ये बसल्यावर भांडण झालं. भांडणाचं कारण असं, की वायरमनला मे महिन्यात इंटर्नशिप मिळाली होती, तीही अशाच लाइन उभारणाऱ्या एका कंपनीत. चांगला स्टायपेंड, पुढे नोकरीची शक्यता. मास्तर तोंड सोडून बोलला, "तू त्या लाइन बांधायला जाणार?"

वायरमन कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाला, "आमच्या वाडीत लाइट आली ना, तेव्हा आजीने खांबाला हळदकुंकू लावलं होतं. माझ्या बापाने वादळात खांबावर चढून अख्ख्या गावाची लाइट चालू केलीय. तुझ्या घरी जन्मापासून बटण आहे, तुला काय कळणार? पोराला साप चावला तर दवाखान्यातला फ्रिज चालू लागतो, इंजेक्शन त्यात असतं. लाइन वाईट म्हणू नकोस."

मास्तर म्हणाला, "मग तो मेलेला पक्षी?"

"तोही खराच आहे," वायरमन म्हणाला. "म्हणून तर मी जाणार. तुझ्यासारखे सगळे नाही म्हणाले, तर ज्याने पक्षी बघितलाच नाही असा माणूस ती लाइन बांधेल. बांधली तर जाणारच आहे."

यवतपर्यंत कोणी बोललं नाही. गाणी लावायला आता मास्तरचीही हरकत नव्हती, पण लावली कोणी नाहीत. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये तायडीने तिची यादी वाचून दाखवली: दोन दिवसांत ८३ जाती. मास्तर म्हणाला, "एक्क्याऐंशी. दोन तू दोनदा लिहिल्यास." मग भांडण मिटलं.

वायरमन इंटर्नशिपला गेला. परत आला तो एक वही घेऊन. कुठल्या लाइनखाली कोणता पक्षी पडलेला दिसला, तारीख, हवा, धुकं होतं की नव्हतं, सगळं लिहिलेलं. सुरुवातीला साइटवरची माणसं हसली, नंतर तीच त्याला बोलावून दाखवू लागली.

बातमी आली होती की ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या संवर्धन केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पहिलं पिल्लू जन्माला आलं. मास्तरने त्याचं कात्रण रूममध्ये चिकटवलंय. खाली वायरमनने पेनने लिहिलंय: 'पण मोठं झाल्यावर उडणार कुठे?'

यंदा आम्ही बीईला आहोत. वायरमनने प्रोजेक्टसाठी विषय घेतलाय तो तारेवर लावायच्या चकत्यांचा. वाऱ्यावर फडफडणारी, उन्हात चमकणारी आणि काळोखात स्वतः उजळणारी चकती, म्हणजे पक्ष्याला तार लांबूनच दिसेल. अशा चकत्या आहेत, वापरातही आहेत. पण त्या तुटतात, गळतात, महाग पडतात. त्याला स्वस्त आणि टिकाऊ करायची आहे. साचा मी करून देणार, सर्किट मास्तर, नोंदींचं सॉफ्टवेअर तायडी. गवंडीचं काम काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मनोऱ्यावर लोड किती वाढेल ते काढून देतो. आणि जेवणाची व्यवस्था."

सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला आम्ही चौघे मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. पहिलीच स्लाइड, तीवर माळढोक. परीक्षक सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"इलेक्ट्रिकलच्या प्रोजेक्टमध्ये हा पक्षी मध्येच कुठून आला?"

वायरमन म्हणाला, "पक्षी आधीपासून होता, सर. लाइन मध्ये आली."